हेर लिंडनरच्या काडतुसांची लांबी

संपादक म्हणाले, "जगताप, मुलीकडे जर्मनीला तीनदा जाऊन आलात, तिथलं काहीतरी लिहा." जर्मनीला गेलेले लोक किल्ल्यांवर लिहितात, नदीवर लिहितात, रस्ते किती स्वच्छ त्यावर लिहितात. ते सगळं मी पाहिलं, पण त्यातलं मला काही कळत नाही. मला आयुष्यात एकच गोष्ट कळली, ती म्हणजे काडतुसाची लांबी. शाळा माझी चौथीपर्यंत. मुलीने माझं शुद्धलेखन तपासलंय, बाकी काही बदलू दिलेलं नाही.

दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस एकाच बाकावर. काडतूस तयार होऊन पट्ट्यावरून यायचं, ते मी गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचो. बसलं तर पास, नाही बसलं तर लाल डब्यात. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय आहे, माकडही करील. माकडाने आठ तास करून दाखवावं.

आधी काडतूस म्हणजे काय ते सांगतो, कारण शिकलेली माणसंसुद्धा अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात. काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी कॅप, पोटात दारू आणि तोंडाला बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी. आता ही गोळी पुंगळीच्या तोंडात किती खोल दाबायची, यावर काडतुसाची बुडापासून टोकापर्यंतची लांबी ठरते. जास्त दाबली तर काडतूस आखूड होतं, आत दारूला जागा कमी पडते आणि दाब चढतो. कुकरमध्ये डाळ गळ्यापर्यंत भरून शिटी दाबून धरल्यासारखं. इथे मात्र कुकर माणसाच्या हातात असतो, तोंडापासून दोन फुटांवर. म्हणून आमच्या बाकावरचा पहिला धडा असा, की आखूड काडतूस म्हणजे यम. लांब झालं तर फार तर बंदुकीच्या मॅगझिनमध्ये बसणार नाही, लष्कर शिव्या घालून परत पाठवील, पण कोणी मरणार नाही. हा धडा मी सव्वीस वर्षं घोकला.

एकदा दुपारच्या पाळीत काडतुसं हातात घेताना मला वाटलं, आज लांब येतायत. गेज पास करत होतं. मी सुपरवायझर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गेज पास करतंय ना? मग तू कोण?" मी उठलो आणि पट्टा थांबवला. साहेब सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. फिटर आला, त्याने मशीन उघडलं, तर गोळी दाबणाऱ्या पंचाचा नट धक्क्यांनी सैल होत चालला होता. आणखी तासाभराने सगळा माल बाद झाला असता. त्या दिवसापासून कारखान्यात काहीही अडलं की म्हणायचे, "जगतापला विचारा." पुढे एक मेजरसाहेब तपासणीला आले, त्यांनी गंमत म्हणून माझे डोळे बांधले आणि दहा काडतुसं बोटांवर पारखायला लावली. दहापैकी दहा बरोबर आली, असं मी घरी सांगत आलोय. आज लिहितोच आहे तर खरं लिहितो. नऊ आली.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालेलं नाही. जाणत्याच्या हातून झालं.

माझी मुलगी मेधा आणि जावई प्रसादराव रेगेन्सबर्गला असतात. प्रसादराव तिथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मी दुसऱ्यांदा गेलो होतो. तीन मजली इमारत, खाली तळघर, तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांचा एक गाळा. मेधाने मला खाली कांदे आणायला पाठवलं. शेजारच्या गाळ्यात दिवा लागलेला होता. पट्ट्यांच्या फटीतून पाहिलं.

टेबलावर हातदाब्याचं मशीन बसवलेलं. ट्रेमध्ये पन्नासेक पुंगळ्या ओळीने उभ्या. आणि पांढऱ्या मिशांचा एक आडव्या अंगाचा म्हातारा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, एकेक गोळी पुंगळीवर ठेवून लिव्हर ओढत होता. शांतपणे, आपल्याकडे बायका शेवया पाडतात तसा.

आमच्याकडे या कामाला तीन कुंपणं होती. फाटकावर बिडी-काडी काढून घ्यायचे, खिळ्याचे बूट चालायचे नाहीत. आणि हा माणूस बटाट्यांच्या शेजारी बसून काडतुसं भरतोय! मी जिन्याने धावत वर गेलो.

"मेधा, खाली माणूस काडतुसं करतोय! घरात! पोलिसांना फोन लाव!"

"बाबा, हळू बोला. ते हेर लिंडनर आहेत, वरच्या मजल्यावरचे. नेमबाजीच्या क्लबात जातात. त्यांच्याकडे परवाना आहे."

"कसला परवाना? घर उडवण्याचा?"

"पिस्तुलाचा वेगळा, दारूचा वेगळा, परीक्षा देऊन मिळालेला. इथे पुष्कळ लोक भरतात घरी. कांदे कुठायत?"

रविवारी रिकामी बाटली काचेच्या डब्यात टाकू नका, आवाज होतो, शेजारी तक्रार करतात, असं याच मुलीने मला चार दिवसांपूर्वी बजावलं होतं. त्याच देशात तळघरात काडतुसं भरायला मुभा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी मी परत खाली गेलो. न जाऊन करतो काय! हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत, गुप्तहेर नव्हे. हेर लिंडनरने मला पाहिलं, मी खिशातून माझं जुनं ओळखपत्र काढलं. ते मी परदेशातही जवळ ठेवतो. त्याला अक्षर वाचता आलं नाही, पण त्यावरचं तोफेचं चित्र त्याने ओळखलं. "आ!" म्हणाला आणि आत बोलावलं. मात्र आत पाऊल टाकताच बोट वर करून म्हणाला, "निष्ट आनफासन." हात लावायचा नाही. तो परवाना नसलेल्याला काडतूस हाताळू देणार नव्हता, कायदा कायदा. मला राग आला. ज्या बोटांना मेजरसाहेबांनी शाबासकी दिली, त्यांना छपरं घालणारा माणूस सांगतो, हात लावू नको! हो, तो आयुष्यभर छपरांवर कौलं घालायचा. एकदा वरून पडला, त्यात गुडघा गेला. त्यानंतर बायको गेली. मग उरला तो क्लब आणि हे मशीन. प्रसादरावांनी मला नंतर सांगितलं, की रविवारी क्लबात गेला नाही तर तो आठवडाभर कुणाशी बोलत नसे.

मी हात पाठीमागे बांधून उभा राहू लागलो. रोज सकाळी दहा ते बारा.

काम त्याचं चोख होतं, हे मला कबूल करावं लागलं. भरायच्या आधी तो एक डमी करायचा, म्हणजे कॅप नाही, दारू नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. व्हर्निअरने तिची लांबी मोजायचा. मग ती डमी घेऊन लंगडत दोन जिने चढून वर जायचा, कारण पिस्तूल वर लोखंडी कपाटात कुलुपात. पिस्तुलाची नळी काढायची, डमी नळीत सोडायची, नळी उलटी करायची. डमी आपल्या वजनाने खाली पडली तर लांबी बरोबर. अडकली तर चूक. मग परत खाली. मला हसू यायचं. एवढी खातरजमा आमच्याकडे मुलगी देतानाही करत नाहीत. लांबी म्हणजे आकडा. आकडा ड्रॉइंगमध्ये असतो. आकडा मोजला, विषय संपला.

असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी त्याने नव्या डब्यातून वेगळ्याच गोळ्या काढल्या. आमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं एकाच जातीची गोळी, टोक गोल. ही गोळी टोकाला सपाट कापलेली, बादली उलटी ठेवावी तशी. कागदावर भोक स्वच्छ पडतं म्हणून स्पर्धेला चांगली, असं त्याने खुणेने सांगितलं. कुठल्या गोळीला किती लांबी ते सांगणारं पुस्तक उघडलं, मशीनचा स्क्रू फिरवला, डमी केली, व्हर्निअर लावलं. मी आकडा वाचला. नेहमीपेक्षा पाऊण मिलिमीटर आखूड!

"नाइन! नाइन! कुर्ट्स!" मी ओरडलो. नाही आणि आखूड, हे दोन शब्द मला येत होते.

त्याने पुस्तकात बोट ठेवून दाखवलं. मी पुस्तक दूर सारलं आणि प्रसादरावांना खाली घेऊन आलो. शनिवार होता म्हणून घरी होते.

"प्रसादराव, यांना सांगा, या लांबीने दाब चढेल. हात जाईल हात."

त्यांनी सांगितलं, ऐकलं, मग पुस्तक पाहिलं. "बाबा, या गोळीचा आकार वेगळा आहे. तिला हीच लांबी दिलीय इथे."

"आकार वेगळा, पण पिस्तूल तेच ना? मग लांबी तीच. आखूड म्हणजे यम."

"पण ड्रॉइंग बदललं की..."

"तुम्ही कॉम्प्युटरवर मोटारी करता, प्रसादराव. मी हाताने काडतुसं केलीत. एकतीस वर्षं केलीत, तेवढं सांगा त्यांना."

हे वाक्य मी बोललो. जसंच्या तसं लिहितोय.

हेर लिंडनरने विचारलं, "एकतीस?" प्रसादराव म्हणाले, "या," म्हणजे हो. तो पुस्तकाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, की पुस्तकात याहून आखूड करू नका असं लिहिलंय, लांब करू नका असं काही लिहिलेलं नाही. लांब म्हणजे सुरक्षितच. मी जोरजोरात मान हलवली. बघा, धंद्यातला माणूस धंद्यातल्याचं ऐकतो! त्याने स्क्रू उलटा फिरवला. आकडा माझ्या कारखान्याच्या आकड्यावर येईपर्यंत मी मान हलवत राहिलो.

मग तो डमी घेऊन उठला, वर जायला. त्या दिवशी त्याचा गुडघा चांगलाच सुजला होता, उठताना टेबल धरावं लागलं. मला कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. आकडा मी पास केलाय, आता नळी कशाला विचारायची?

"सांगा त्यांना, गरज नाही. मी पाहिलंय."

प्रसादराव थांबले. "बाबा, करू द्या की त्यांना."

"सांगा."

त्यांनी सांगितलं. हेर लिंडनर अर्धा उठलेला, माझ्याकडे पाहून हसला, "गूट," म्हणाला आणि खाली बसला. त्याने त्या लांबीची एकशे साठ काडतुसं भरली. मी उभा राहून प्रत्येकाचा आकडा वाचला. एकूण एक सारखी. असा माल आमच्या कारखान्यातही निघाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाची स्पर्धा. प्रसादरावांनी आम्हाला गाडीने नेलं. हेर लिंडनरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. क्लबाची जागा म्हणजे गावाबाहेर बैठं कौलारू घर. नेम धरणारे एका बाजूला, बघणारे जाड काचेमागे. देखरेखीला फ्राउ हुबर नावाच्या बाई. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, आवाज हेडमास्तरांचा.

हेर लिंडनरने पहिली गोळी झाडली आणि मी दचकलो. आवाज वेगळा होता. आवाज मला कळतो हो, कारखान्यात चाचणीचा गोळीबार रोज व्हायचा. हा आवाज कोरडा होता, फटकन कुणाच्या मुस्कटात मारावी तसा. पिस्तुलाने त्याचा हात वर फेकला. त्यालाही काहीतरी वाटलं असावं, त्याने पिस्तुलाकडे पाहिलं. पण स्पर्धा होती, त्याने पुन्हा नेम धरला. या वेळी चाप ओढला तर काहीच झालं नाही. वरचा सरकता भाग पूर्ण पुढे गेलाच नव्हता, केसभर अडून राहिला होता. तो तळव्याने त्याच्या पाठीवर ठोकायला गेला.

"हाल्ट!"

फ्राउ हुबर अशा ओरडल्या, की काचेमागेही आमच्या कानठळ्या बसल्या. सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांनी त्याला पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडे ठेवूनच तो भाग मागे ओढायला लावला. पुंगळी बाहेर आली आणि तिच्यातून दारू सांडली. गोळी आली नाही. गोळी नळीत रुतून बसली होती. त्याने ठोकून तसाच बार काढला असता तर काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही. मी कारखान्यात एका माणसाचा हात पाहिला आहे.

मग त्यांनी पहिली रिकामी पुंगळी जमिनीवरून उचलली, चष्मा लावला आणि तिचं बूड काचेकडे धरलं. मला ते चार हातांवरून दिसलं. कॅप चपटी झाली होती, कडेपर्यंत पसरली होती. याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. दाब. दाब चढला होता. लांब काडतुसात!

सव्वीस वर्षं घोकलेलं खोटं कसं होईल? तिथे उभ्या उभ्या हळूहळू उलगडत गेलं. गोल टोकाची गोळी पुढे निमुळती असते, नळीतल्या आट्यांपर्यंत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांपर्यंत, पोचायला तिला मोकळी जागा राहते. ही उलट्या बादलीसारखी गोळी. टोक सपाट, पण खांदे रुंद. टोकाचा आकडा तोच ठेवला की खांदे पुढे जातात आणि आट्यांत रुततात. उतारावरची गाडी नुसत्या धक्क्याने सुटते, पण चाकाखाली दगड असेल तर धक्का देणाऱ्याचाच खांदा निखळतो. दारूचं तसंच होतं. गोळी सुरुवातीलाच अडलेली, दाबाला वाट नाही. मी टोक मोजत होतो. खांदे मोजायचं काम नळीचं होतं, आणि नळीला विचारू नका असं मीच सांगितलं होतं. गोळीचं एकच रूप बघून मी लांबीचा पंडित झालो होतो.

काचेपलीकडे फ्राउ हुबर विचारत होत्या. प्रसादराव माझ्या कानात सांगत होते.

"त्या विचारतायत, ही कोणी भरली. ते म्हणतायत, मी."

"बरं."

"त्या विचारतायत, लांबी कोणी ठरवली." प्रसादराव थांबले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी."

मी उठलो. "प्रसादराव, त्या बाईंना सांगा, लांबी मी सांगितली."

"बाबा, बसा."

"सांगा म्हणतो ना!"

"बाबा, तुम्हाला परवाना नाही." ते माझ्याशी इतक्या कडक आवाजात कधी बोलले नव्हते. "परक्या माणसाच्या सांगण्यावरून पुस्तक बाजूला ठेवलं हे कळलं, तर त्यांचा परवाना जाईल. पिस्तूल जाईल, क्लब जाईल. आता तुम्ही गप्प बसायचं."

मी बसलो. सुपरवायझर साहेबांसमोर, मेजरसाहेबांसमोर, युनियनच्या सभेत, कुठेही न मिटलेलं तोंड मी तिथे मिटलं. काचेपलीकडे सत्तरीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात मान खाली घालून एका बाईचं ऐकून घेत होता. त्याला स्पर्धेतून काढलं. नळी साफ करून तपासून घेतल्याशिवाय पिस्तूल आणायचं नाही. राहिलेली सगळी काडतुसं मोडायची आणि मोडल्याचं येऊन सांगायचं. पुन्हा असं झालं तर वर कळवणार. परवाना वाचला तो एवढ्यावर. गाडीत तो पुढे बसला होता. राहिलेल्या काडतुसांचा डबा त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

काडतूस भरायला अर्धा मिनिट पुरतं. मोडायचं म्हणजे एका पोकळ हातोड्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर मारायचं. तीन-चार ठोक्यांत गोळी निसटते. मग दारू वेगळी, गोळी वेगळी, पुंगळी वेगळी. अशी एकशे अठ्ठावन्न. मला हात लावता येणार नव्हता, मोडायलाही परवानाच लागतो. सोमवारी सकाळी दहा वाजता मी प्रसादरावांना रजा काढायला लावली आणि त्यांना घेऊन खाली गेलो.

"सांगा त्यांना, लांबी मी सांगितली. चूक माझी."

प्रसादरावांनी सांगितलं. हेर लिंडनरने हातोडा खाली ठेवला नाही. "ते म्हणतात, लिव्हर मी ओढला."

"आमच्याकडे लिव्हर ओढणाऱ्याला कुणी विचारत नाही. पास करणाऱ्याला विचारतात. पास मी केलं."

ठक, ठक, ठक. गोळी निसटली. "ते म्हणतात, तुमच्याकडे असेल. इथे परवान्यावर ज्याची सही त्याला विचारतात."

"मी त्यांना वर जाऊ दिलं नाही. नळीत घालून बघू दिलं नाही."

"ते म्हणतात, हेर जगताप, तुम्ही माझा पाय धरून ठेवला नव्हता. मला जिना चढायचा कंटाळा आला होता."

"मग निदान रागवा म्हणावं!"

प्रसादराव हसले, पण त्यांनी ते सांगितलं. हेर लिंडनरने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हातोडा उचलला.

प्रसादरावांना मी वर पाठवून दिलं. बोलायचं संपलं होतं. त्या दिवशी त्याने चाळीस मोडली, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तेवढीच. हातोडा मारताना दुखरा गुडघा हलायचा आणि प्रत्येक ठोक्याला त्याच्या गालाची शीर उडायची. मी हात पाठीमागे बांधून दहा ते बारा उभा. मेधा म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे उभे राहून काय होणार आहे?" काही होणार नव्हतं. माल मी पास केला होता. तो बाद होताना पास करणाऱ्याने समोर असावं, एवढंच.

चौथ्या दिवशी अजून अडतीस राहिली होती. त्याने काम थांबवलं, कोपऱ्यातलं स्टूल काढलं, फडक्याने पुसलं आणि पायाने माझ्याकडे सरकवलं.

मी बसलो नाही.